पांढरीतली लेकरं

राखी रंगाची दोन मडकी जमिनीखाली आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. दोघांच्या पोटात मिळून एक तान्हं लेकरू. शेजारी तोटीचं एखादं भांडं, एखादा वाडगा. वर चोपून सारवलेली घराची जमीन, आणि त्या जमिनीवर चूल, दळण, निजणं, सगळं पूर्वीसारखंच चाललेलं. तीन हजार वर्षांपूर्वी गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड या नद्यांच्या काठी राहणारे शेतकरी आपली गेलेली मुलं अशी ठेवत. नेवाशाला ती सापडली, दायमाबादला सापडली, चांदोलीला सापडली, आणि सर्वांत जास्त सापडली शिरूर तालुक्यातल्या इनामगावला. संगमनेरजवळच्या जोर्वे या गावावरून या लोकांच्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती म्हणतात. त्यांना लिपी नव्हती. त्यांच्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. पण त्यांच्या मुलांचे दात आपल्याकडे आहेत, आणि माझं सगळं शिक्षण, संशोधन आणि शिकवणं त्या दातांच्या आधारानं उभं राहिलं.

मी अंबड तालुक्यातल्या गंगथडीची. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून, मग जालन्याच्या कॉलेजातून मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले ते पुरातत्त्व शिकायला. नाणी, मंदिरं, शिलालेख असं काहीतरी डोक्यात होतं. तिथे मानवी अस्थींचा विभाग पाहिला आणि बाकीचं मागे पडलं. गावात या विषयाचं नाव सांगायची पंचाईत असे. जैवपुरातत्त्व म्हटलं तर कुणाला काही कळत नसे, आणि जुन्या माणसांच्या हाडांचा अभ्यास म्हटलं तर फार जास्त कळत असे. आईच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, पहिल्या सुट्टीत मला दारातच थांबवलं होतं. “हाडकं हाताळून तशीच घरात येतीस काय गं? पाय धू आधी.” पाय धुतले. रात्री तिला त्या जोड मडक्यांबद्दल सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “घरातच ठेवायचे व्हय? बरं करायचे. बाहेर ठिवलं की जीव तिकडंच लागून राहतो.”

आमच्याकडे आजही दात न आलेलं लेकरू गेलं तर त्याला जाळत नाहीत, पुरतात. मोठ्या माणसाला अग्नी देतात, तिसऱ्या दिवशी राख सावडतात आणि अस्थी शहागडला किंवा पैठणला गंगेत सोडतात. तान्ह्याला यातलं काही नाही. शेताच्या बांधाला, ओढ्याकाठी एखाद्या झाडाखाली खड्डा घेतात, वर दगड ठेवतात आणि माणसं मागे न बघता परत येतात. जोर्वेच्या घरांतून आमच्या बांधापर्यंत ही रीत सरळ चालत आली असं मी म्हणणार नाही. मधल्या तीन हजार वर्षांचा धागा दाखवता येत नाही, आणि दाखवता येत नाही ते म्हणू नये असं मला शिकवलं गेलं आहे. तरी इनामगावची प्रौढ माणसं उत्तरेकडे डोकं करून पुरलेली आहेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले होते. दक्षिणेकडे पाय करून झोपू नको म्हणून लहानपणी मी कितीदा तरी ओरडा खाल्ला होता. तसं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात.

त्या प्रौढांची आणखी एक गोष्ट पुरातत्त्वाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असते. त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्या माणसानं चालत परत येऊ नये म्हणून, असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. मला तो पुरता पटत नाही. परत येण्याची भीती असलेली माणसं प्रेत घराच्या जमिनीखाली कशाला ठेवतील? त्यांना बहुधा गेलेल्यानं घरातच राहावं, दूर जाऊ नये असं वाटत असेल. हेही अनुमानच. पण दोन अनुमानांपैकी एक निवडायचं झालं तर मी आजीच्या बाजूनं उभी राहीन. अपवादही आहे. इनामगावच्या पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण मिळाला. त्यात चाळिशीच्या आसपासचा एक पुरुष बसवलेला होता आणि त्याची पावलं शाबूत होती. तो गावचा प्रमुख असावा असं मानतात.

लेकरांचं वय कसं ओळखता, हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. दातांवरून. दुधाच्या दातांची घडण आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमाराला सुरू होते आणि ठरलेल्या क्रमानं पुढे जाते. कोणत्या दाताचा माथा किती झाला आहे, मूळ किती उतरलं आहे, हे पाहून वय काही महिन्यांच्या फरकानं सांगता येतं. हाडांची लांबी त्याला जोडून पाहायची. लांबी वयाच्या मानानं कमी भरली तर वाढ खुंटली असं धरायचं. मोठ्या माणसाच्या शरीरात हाड सारखं मोडत आणि नवं घडत असतं, त्यामुळे त्यातल्या जुन्या नोंदी पुसट होत जातात. दातावरच्या इनॅमलचं तसं नाही. ते एकदा घडलं की आयुष्यभर तसंच राहतं. घडत असताना मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, तर इनॅमल घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं किंवा थांबतं आणि तेवढ्या जागी आडवी खाच पडते. जन्माचीही रेघ असते. पोटातून बाहेर येण्याच्या धक्क्यानं इनॅमलमध्ये एक बारीक रेष उमटते, आणि बाळ त्यानंतर काही दिवस जगलं तरच ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ती रेष पाहून हे मूल मेलेलंच जन्मलं की आठ-पंधरा दिवस कुणाच्या तरी कुशीत होतं, हे ठरवता येतं. पहिल्यांदा ती रेष मला ओळखू आली त्या दिवशी पुढची काचपट्टी माझ्यानं लावली गेली नाही.

काम मात्र सावकाशीचं. आपल्याकडची माती हाडांना सोसत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि तिच्याबरोबर हाडही तडकतं. त्यावर चुनखडीचा थर घट्ट धरलेला असतो. तो बांबूच्या काडीनं, मऊ ब्रशनं, धीरानं उतरवायचा. तान्ह्याची हाडं मोठ्या माणसाच्या दोनशे सहा हाडांपेक्षा संख्येनं जास्त असतात, कारण अजून ती एकमेकांना जुळलेली नसतात. कागदासारखी पातळ कवटी, पेन्सिलीएवढं मांडीचं हाड, तुरीच्या दाण्याएवढे दाढांचे अर्धे झालेले माथे. फडताळातल्या पेटीवर उत्खननाचं नाव, वर्ष, खड्ड्याचा आणि दफनाचा क्रमांक. ती पेटी मी कधी एका हातानं उचलली नाही. असा नियम नव्हता, पण आम्ही कुणीच उचलत नसू.

महाराष्ट्रात हे शास्त्र ज्या बाईपासून सुरू झालं असं मी मानते, त्या इरावती कर्वे. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतात. त्या १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली माणसाच्या कवटीची उजवी-डावी बाजू किती असमान असते यावर त्यांनी प्रबंध लिहिला. फिशर हे वंशशास्त्रातलं तेव्हाचं मोठं नाव, पुढे नाझींच्या कामी आलेलं. गोऱ्या माणसाच्या कवटीत ही असमानता जास्त असते आणि तीच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण आहे, असं त्यांना सिद्ध व्हायला हवं होतं. इरावतीबाईंनी युरोपातल्या आणि जर्मन वसाहतींतून आणलेल्या शंभराहून अधिक कवट्या मोजल्या आणि वंशाचा या असमानतेशी काही संबंध नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी मिळायची त्याच माणसापुढे त्यांनी हे लिहिलं तेव्हा त्या पंचविशीच्या आत होत्या.

त्या कवट्या तिथे आल्या कशा, हा प्रश्न तेव्हा विचारला जात नव्हता. आता जातो. २०११ साली बर्लिनच्या शारिटे रुग्णालयानं वीस कवट्या नामिबियाला परत केल्या. जर्मन सैन्यानं तिथे केलेल्या संहारातल्या माणसांच्या त्या होत्या. माझं शास्त्र ज्या घरात जन्मलं त्या घराचा हा इतिहास आहे आणि तो मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगते. आपल्याकडेही फार काळ सापळा म्हटला की मोजपट्टी घेऊन वंश ठरवायचा हेच काम होतं. ही मुलं काय खात होती, कशानं आजारी पडत होती, किती दिवस जगली, असले प्रश्न नंतर आले. मोहेंजोदडोचं उदाहरण तर सगळ्यांनीच लक्षात ठेवावं असं आहे. रस्त्यांत आणि घरांत पडलेले सापळे पाहून पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी आर्यांच्या कत्तलीची गोष्ट रचली आणि ती पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे केनेथ केनेडी या अमेरिकन अभ्यासकानं तीच हाडं पुन्हा तपासली तेव्हा कत्तल म्हणावी अशा जखमाच त्यांवर दिसेनात. हाडांपाशी आधीच ठरवलेली गोष्ट घेऊन गेलं की ती गोष्टच सापडते.

१९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं तेव्हा इरावतीबाई आणि पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया दोघंही तिथे आले. १९४४ साली गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सापळे मिळाले, त्या मोहिमेत दोघं होते. मग नेवासं आलं, आणि १९६८ ते १९८३ इतकी वर्षं इनामगाव. सांकळिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते गाव थराथरानं उघडलं. शंभराहून अधिक घरं आणि दोनशेहून अधिक दफनं मिळाली, बहुतेक मुलांची. एकाच जागी पाठोपाठच्या पिढ्यांची इतकी मुलं मिळणं ही जगातही नित्याची गोष्ट नाही. त्या अस्थींचा सविस्तर ग्रंथ १९८६ मध्ये जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी लिहिला. वाळिंबे सरांनी हा विषय या देशात नुसता जिवंत ठेवला नाही, तर रुजवला. आजही भारतात जुन्या अस्थींवर काम करणारी माणसं शोधायला निघालं की वाट बहुधा त्यांच्या वर्गातून जाते.

इनामगावची कथा तीन पर्वांची. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला माळव्याकडच्या वळणाची भांडी वापरणारे लोक इथे राहायला आले. मग साधारण १४०० ते १००० हा भरभराटीचा काळ. चौकोनी घरं, पाण्याचा कालवा आणि त्याला बांध, प्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार, शेतात सातू, वाटाणा, मसूर. त्यानंतर उतार. घरं लहान आणि गोल झाली, भांडी ओबडधोबड झाली, शेती घटली, शिकार आणि रानातली बोरं वाढली. ७०० च्या आसपास गाव ओस पडलं. ढवळीकरांनी याचं कारण हवामानात पाहिलं. पाऊस कमी झाला, शेती बसली, माणसं पुन्हा अर्धभटकी झाली. मला नेहमी वाटतं की इनामगावची माती उपसणाऱ्या या माणसांनी त्याच वर्षांत बहात्तरचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिला होता. शिरूर तालुका काही पाण्याचा नव्हे. खड्ड्याच्या काठावर कामाला येणारे मजूर त्या वर्षी कशासाठी येत होते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तो दुष्काळ त्यांच्या वाचनात उतरला असेल तर त्यात मला काही वावगं दिसत नाही.

अमेरिकेच्या ग्वेन रॉबिन्स शूग यांनी नंतर नेवासं, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांची हाडं पुन्हा काढली आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिलं. शेवटच्या पर्वातली इनामगावची मुलं वयाच्या मानानं खुरटलेली, अंगानं हलकी होती, असं त्यांच्या मोजमापात आलं. मुलांचे हाल झाले यात शंका उरली नाही. पण सगळा दोष एकट्या पावसाच्या माथी मारायला त्या तयार नाहीत. या प्रदेशात पाऊस आधीपासूनच लहरी होता. माणसांनी जमीन कशी वापरली, किती पिळली, किती मुलं जन्मली आणि किती लवकर गेली, हे सगळं त्यात गुंतलेलं होतं. जालना जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आमच्याकडे पाऊस कमी पडतो तेव्हा सगळ्यांच्या घरी सारखं पाणी कमी होत नाही.

आणि इथे मला मावशीच्या दातांबद्दल लिहायचं आहे.

मावशी १९७० सालची. बहात्तरचा दुष्काळ सुरू झाला तेव्हा ती दोन वर्षांची. आजी-आजोबा दोघंही रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात. मिळे ती लाल मिलोची ज्वारी, आणि कामावर वाटत ती सुकडी. मी पुण्याला शिकत होते, एका दिवाळीत मावशी समोर बसून मोठ्यानं हसली आणि मला तिच्या वरच्या दोन पुढच्या दातांवर आडवी खाच दिसली. दाताच्या मध्यापासून जरा वर, हिरडीच्या बाजूला, दोन्ही दातांवर एका ओळीत. आयुष्यभर मी ते दात पाहत आले होते आणि कधी पाहिले नव्हते. पुढचे कायमचे दात मुलाच्या हिरडीत पहिल्या वर्षापासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत टोकाकडून हिरडीकडे घडत येतात. खाच जिथे होती तो भाग दोन ते तीन या वयात घडतो. तिला तेव्हा गोवर आला असेल, मोठा ताप आला असेल. एका खाचेवरून कारण सांगता येत नाही आणि मी ते सांगणार नाही. पण त्या वर्षी तिच्या शरीरानं वाढ थांबवून जीव सांभाळला, एवढं त्या दातांवर लिहिलेलं आहे.

मी आजीला विचारलं. तेव्हा तिनं तिच्या पाचव्या लेकराचं सांगितलं. मावशीच्या पाठचा मुलगा, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात हगवण लागून दोन दिवसांत गेला. दात आले नव्हते. ओढ्याकाठी बाभळीखाली पुरला. त्याचं नाव ठेवलेलं होतं, पण तिनं ते मला सांगितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

आमच्या शास्त्रात एक मोठा पेच आहे. १९९२ साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला आणि तेव्हापासून सापळ्यांवर काम करणाऱ्या कुणालाही तो टाळता आलेला नाही. हाडावर किंवा दातावर हालअपेष्टेची खूण उमटायला वेळ लागतो. म्हणजे जो आजार सोसून पुढे जगला त्याच्याच शरीरावर खूण राहते. जो चार दिवसांत गेला त्याची हाडं स्वच्छ असतात. हजार वर्षांनी कुणी दोघांना शेजारी ठेवून पाहिलं, तर खूण नसलेलं मूल धडधाकट आणि खूण असलेली बाई दुबळी वाटेल. खरं उलटं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. समजलं ते त्या दिवाळीत. मावशीच्या दातांवर खाच आहे कारण ती वाचली. बाभळीखालच्या तिच्या भावाच्या हाडांवर काहीच नसणार.

तेव्हापासून मी मडक्यातलं लेकरू मोजायला घेते तेव्हा स्वच्छ हाडांनी फसत नाही. एखाद्या थरात खाचा असलेले दात वाढले तर तिथे दुष्काळ होता एवढंच म्हणून थांबत नाही. तिथे कुणीतरी मुलांना वाचवतही होतं, असंही वाचते. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या दातावर एकाखाली एक दोन खाचा दिसतात, म्हणजे ते दोनदा मरणाच्या दारातून परत आलं. तिसऱ्यांदा आलं नाही. त्या दोन खेपांत त्याला पेज कुणी पाजली, रात्री कोण जागलं, हे दात सांगत नाहीत. पण कुणी जागलं नसतं तर दुसरी खाच उमटलीच नसती.

माझ्या जिल्ह्याचा प्राचीन इतिहास शोधायला निघालं की पहिलं नाव येतं भोकरदनचं. केळना नदीकाठचं हे जुनं भोगवर्धन. सांचीच्या आणि भरहुतच्या स्तूपांवर इथून गेलेल्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. १९७३ साली, म्हणजे त्याच दुष्काळाच्या काळात, शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातलं भरलेलं व्यापारी गाव हाती लागलं. तिथे मिळालेली हस्तिदंताची स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीच्या जातकुळीतली आहे. या गावाचा मला अभिमान आहे. पण माझ्या कामाला ते फारसं उपयोगी नाही, कारण त्या काळापर्यंत आपल्याकडे दहनाची रीत पसरत गेली होती. भोगवर्धनच्या व्यापाऱ्यांची नावं दगडावर आहेत, त्यांची हाडं नाहीत. जोर्वेच्या लोकांची हाडं आहेत, नावं नाहीत. दान देणाऱ्यानं स्वतःबद्दल काय लिहायचं ते स्वतः ठरवलं. मडक्यातल्या लेकरानं काहीच ठरवलं नाही, म्हणून त्याची साक्ष मी अधिक मानते.

जोर्वे काळ आमच्या दारापर्यंत आलेला आहे. पैठणच्या खालच्या अंगाला, ज्ञानेश्वरांच्या आपेगावात, १९७६ साली त्या काळातली वस्ती उघडली गेली. तिथून गंगा आमच्या अंबड, घनसावंगी, परतूर तालुक्यांच्या कडेनं वाहते. या काठावर त्या लोकांची वस्ती नव्हती असं मानायला मला कारण दिसत नाही. शोधायचं कुठे तेही माहीत आहे. आमच्या गावांत काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं माणसं राहिली, भिंती पडल्या, राख साचली, शेण-माती कुजली की जमीन पांढरट होते आणि उंच होत जाते. असं एखादं पांढरीचं टेकाड गंगेकाठच्या कितीतरी गावांशेजारी असतं. आमची जुनी घरं माळवदाची, आणि माळवदावर पाणी धरू नये म्हणून घालतात ती माती याच टेकाडांतून आणलेली. माझं बालपण अशाच एका माळवदाखाली गेलं. त्या मातीतून खापराचे तुकडे, मणी, कधी हाडाचा तुकडा पावसानं उघडा पडे आणि आम्ही त्यांचा खेळ करत असू.

टोपलीनं माती नेली तर टेकाड दोनशे वर्षं पुरे. आता जेसीबीनं ते आठवड्यात सपाट होतं. रस्त्याच्या भरावाला, वीटभट्टीला, शेत सारखं करायला. ज्याचं शेत त्याला मी दोष देत नाही. मोसंबीची बाग वाचवायला टँकरचं पाणी विकत घेणाऱ्या माणसाला, या ढिगात तीन हजार वर्षांपूर्वीची लेकरं असतील, थांब, हे कुणीतरी आधी येऊन सांगायला हवं होतं. ते काम पुण्याहून होत नाही. म्हणून मी परत आले. कॉलेजात इतिहास शिकवते आणि सुट्टीत विद्यार्थ्यांना घेऊन टेकाडं बघत फिरते. खापरं उचलायची नाहीत, फोटो काढायचा, जागा लिहायची. राखी मडक्याची जाड कड कशी ओळखायची ते मी प्रत्येकाला हातात खापर देऊन शिकवते. दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली दिसली तर मशीन बंद करायला सांगा, पाया पडा लागलं तर, आणि मला फोन करा.

विद्यार्थी विचारतात, मॅडम, यात नोकरी आहे का? फार नाहीत. पुण्याला डेक्कन कॉलेज, भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षण, प्राचीन डीएनएचं काम करणाऱ्या हैदराबाद-लखनौच्या प्रयोगशाळा, मोजक्या जागा. मी ते लपवत नाही. ज्या पोराच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे त्याला खोटी आशा दाखवण्याचा मला अधिकार नाही. तरी दर वर्षी एखादी मुलगी मागे थांबते आणि त्या जन्माच्या रेषेबद्दल पुन्हा विचारते. तिच्यासाठी मी वेळ काढते.

ज्या प्रश्नासाठी मला अजून बरीच वर्षं हवी आहेत तो वेगळाच आहे. लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे कळत नाही. ओटीपोटाच्या हाडांतला फरक वयात आल्यावर उमटतो. त्यामुळे जोड मडक्यांतली सगळी लेकरं आजवर नुसती लेकरंच राहिली. आपल्या उष्ण हवेत प्राचीन डीएनए फारसा टिकत नाही. हरियाणातल्या हडप्पाकालीन राखीगढीच्या साठाहून अधिक नमुन्यांतून शेवटी एकाच बाईचा जनुकसंच वाचता आला. पण इनॅमल घडताना त्यात एका प्रथिनाचे तुकडे अडकून राहतात, आणि ते मुलाचे आणि मुलीचे वेगळे असतात. दाताचा पृष्ठभाग आम्लानं किंचितसा विरघळवून ते वाचण्याची पद्धत २०१७ साली प्रसिद्ध झाली. दात जवळजवळ जसाच्या तसा राहतो. दुधाच्या दातांवरही ती चालते.

आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलांमागे मुलींचं प्रमाण राज्यात सर्वांत कमी निघालं, आणि आमच्या जालन्यानं त्यावर मान वर करून बोलावं अशी स्थिती नव्हती. म्हणून मला हे जाणून घ्यायचं आहे. इनामगावच्या भरल्या काळात मुलगी गेली तरी तिला तशीच दोन मडकी, तसंच तोटीचं भांडं, घरातली तशीच जागा मिळत होती का? शेवटच्या पर्वात, ताटातलं कमी झाल्यावर, दातांवरच्या खाचा मुलींच्या दातांवर जास्त दिसतात का? की कमी दिसतात, आणि कमी दिसण्याचाच अर्थ वाईट आहे? परवानगीचा अर्ज लिहून झाला आहे. आधी दहा दात मागितले आहेत, पाच भरभराटीच्या थरातले आणि पाच उताराच्या, सगळे वर्षाच्या आतल्या लेकरांचे.